आजची संख्या : २४,४००

पहाटे साडेपाच

माझा तास ज्या वर्गावर असतो, तिथल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज एक संख्या लिहिलेली असते. सकाळी मी लिहिते, आणि शाळा सुटेपर्यंत ती कुणी पुसायची नाही. पाचवीला जी, तीच दहावीला. अट एकच: ती कुठून तरी आलेली असावी. डेअरीच्या पावतीवरून, एसटीच्या तिकिटावरून, सातबाऱ्यावरून, कॅनॉलच्या पाणीपट्टीवरून. मनाने काढलेल्या संख्येकडे मुलं परीक्षेतल्या प्रश्नासारखं बघतात. गावातून आलेली संख्या असली की तिच्या मागे लागतात.

आजची आली आहे नाणेघाटातून. शनिवारी सातवी-आठवीची सहल तिकडे जायची आहे. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक. राजघराण्याने केलेले यज्ञ आणि त्यांत दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे. १,७०० गाई आणि १० हत्ती, ११,००० गाई आणि १,००० घोडे, १७ चांदीचे घडे, आणि एके ठिकाणी २४,४०० कार्षापण. विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये हा लेख पाहिला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी तो वाचला. तिथले आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांत मोडतात. पुढे जे अंक जगभर गेले, त्यांच्या काही पूर्वजखुणा आपल्या जुन्नर तालुक्यातल्या या भिंतीवर आहेत, हे मुलांना कळायलाच हवं असं मला वाटतं.

चहा उकळेपर्यंत वहीत एक हिशेब करून ठेवते. चांदीचा कार्षापण साधारण ३.४ ग्रॅमचा. ही नाणी चांदीची धरली तर २४,४०० नाण्यांचं वजन ८३ किलोच्या आसपास भरतं. घाटातल्या दगडी रांजणात पूर्वी जकातीची नाणी टाकत असं सगळे सांगतात. मुलं तो रांजण बघतील तेव्हा हे ८३ किलो त्यांना आठवावेत.

सकाळी साडेसात

लेण्याद्रीच्या पायथ्याशी हार-दुर्वांची दुकानं उघडताहेत, डोलीवाले जमले आहेत. सहावीतल्या एका मुलाचे वडील इथेच बसतात. ते विचारतात, “बाई, आज काय संख्या? पोरगं संध्याकाळी मलाच विचारत बसतं.” मी सांगते, आणि त्यांना उलट विचारते: “दादा, पायऱ्या किती?” ते २८३ म्हणतात. शेजारचा डोलीवाला ३०७ म्हणतो. पहिली पायरी कुठली धरायची यावर दोघांचं जुनं भांडण आहे.

मला दोन्ही उत्तरं आवडतात, कारण दोन्ही मूळ संख्या आहेत. चढणाऱ्याने दर दहा पायऱ्यांवर दम खायचा ठरवला काय किंवा दर सतरावर काय, शेवटचा टप्पा अपुराच राहणार. सारखे टप्पे पडतच नाहीत. डोलीवाल्यांना हे खांद्यावरून माहीत आहे, त्यांना फक्त ‘मूळ संख्या’ हे नाव सांगायचं राहिलं होतं.

वर जायला आज वेळ नाही. गिरिजात्मजाचं देऊळ ज्या सातव्या लेण्यात आहे, ते खरं तर एक मोठा विहार. मधे एकही खांब नाही, भोवती वीस खोल्या. शेजारच्या सहाव्या लेण्यातलं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दिलेलं, असं तिथला शिलालेख सांगतो. घाट चढून आलेल्या व्यापाराच्या पैशाने ही लेणी झाली. इथे मोजदाद येणारी माणसं भरपूर असणार. गणित शिकवायला याहून चांगलं गाव मला सुचत नाही.

अकरा

परिपाठ संपतो आणि सहावीचा वर्ग. कोपऱ्यात संख्या लिहिते. मागून कुणीतरी “चोवीस हजार चारशे” असं मोठ्याने वाचतं.

सहावीला विभाजक चालू आहेत, त्यामुळे काम ठरलेलं आहे: हिचे मूळ अवयव पाडा. दोन शून्यं दिसतात, म्हणजे शंभरने भाग जातो. उरले २४४. त्याला चाराने भाग जातो, कारण ४४ ला जातो. उरले ६१. आता ६१ चं काय? दोनने नाही. तीनने नाही, कारण सहा आणि एक सात. पाचने नाही. सातने ५६ जाऊन पाच उरतात. एक मुलगी अकराने भागायला घेते, तिला थांबवते आणि वर्गाला विचारते: अकराची गरज आहे का? अकरा अकरा एकशे एकवीस, ते ६१ च्या पुढे गेलं. ६१ चा एखादा अवयव अकराहून मोठा असता, तर त्याचा जोडीदार लहान असता आणि तो आपल्याला आधीच सापडला असता. हे कारण मुलांच्या तोंडून यावं म्हणून मी दहा मिनिटं वाट बघते. येतं. मागच्या बाकावरून येतं.

२४,४०० = २ × २ × २ × २ × ५ × ५ × ६१.

मग विभाजक किती? मुलं जोड्या लावत सुटतात. १ आणि २४,४००. २ आणि १२,२००. ४ आणि ६,१००. ५ आणि ४,८८०. शेवटच्या जोड्यांशी गडबड होते: ८० आणि ३०५, १०० आणि २४४, १२२ आणि २००. पंधरा जोड्या, तीस विभाजक. लिहून झाल्यावर न लिहिता मोजायची रीत दाखवते. विभाजक बनवताना दोन एकदाही घ्यायचा नाही, किंवा एकदा, दोनदा, तीनदा, चारदा घ्यायचा: पाच पर्याय. पाचाचे तीन पर्याय. एकसष्टाचे दोन. पाच त्रिक पंधरा, पंधरा दुणे तीस. पोरांच्या चेहऱ्यावर पानभर लिहिल्याचं जरा दुःख दिसतं, पण ते पानही लागतंच. आधी पान आणि मग रीत, हा क्रम मी बदलत नाही.

“बाई, खोडदच्या दुर्बिणी पण तीसच आहेत,” एक मुलगा म्हणतो. खरं आहे. खोडदला केंद्र असलेल्या जीएमआरटी या रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. त्याचा २४,४०० शी संबंध नाही हे त्यालाही ठाऊक आहे. पण आता तो तीस विसरणार नाही.

बारा

आठवीला तीच संख्या, काम वेगळं.

विभाजकांची बेरीज करायची. तीस आकडे मांडून बेरीज करता येईल, पण अवयवांवरून ती तीन तुकड्यांत येते. दोनाच्या बाजूने १ + २ + ४ + ८ + १६, म्हणजे ३१. पाचाच्या बाजूने १ + ५ + २५, म्हणजे पुन्हा ३१. एकसष्टाच्या बाजूने १ + ६१, म्हणजे ६२. आता ३१ × ३१ × ६२ = ५९,५८२. यातून ती संख्या स्वतः वजा केली तर उरतात ३५,१८२. स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज संख्येहून मोठी निघाली, म्हणून ही विपुल संख्या. ६ आणि २८ या परिपूर्ण संख्या, कारण त्यांच्या विभाजकांची बेरीज अगदी तेवढीच भरते: १ + २ + ३ = ६. त्यांच्यानंतर ४९६ आणि ८,१२८. ६१ सारखी मूळ संख्या न्यून, कारण तिच्याजवळ विभाजक म्हणून एक सोडून काही नाही. विपुल, परिपूर्ण, न्यून ही वाटणी ग्रीकांपासून चालत आली आहे आणि मुलांना ती फार लवकर आपलीशी होते. लगेच आपापल्या घराचा क्रमांक, हजेरीचा क्रमांक, सगळं तपासून होतं.

पण आज मला त्या दोन ३१ जवळ थांबायचं आहे.

एकपासून सुरुवात करून दोनाच्या पटीत पाच पदं घेतली तर ३१, आणि पाचाच्या पटीत तीन पदं घेतली तरी ३१. हे नेहमी होतं का? मुलांना तीनाच्या पटी, चाराच्या पटी, सहाच्या पटी लिहायला सांगते: १, ४, १३, ४०, १२१, १, ५, २१, ८५, १, ७, ४३. जमत नाही. निदान तीन पदं हवीत, आणि एकच बेरीज दोन वेगळ्या पटींत यायला हवी. अशी दुसरी संख्या ८,१९१. तिथे दोनाच्या पटीत तेरा पदं लागतात, आणि दुसऱ्या बाजूला १ + ९० + ८,१००. याखेरीज तिसरी संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही. बेल्जियमच्या गोरमाग्टिग या अभियंत्याने १९१७ मध्ये या दोन नोंदवल्या. तिसरी नाहीच, असं सगळ्यांना वाटतं, पण ते सिद्ध झालेलं नाही. शंभर वर्षं उलटून गेली.

वर्ग थोडा वेळ गप्प होतो. नंतर एक मुलगी विचारते, “म्हणजे कुणालाच माहीत नाही? तुम्हाला पण नाही, पुण्यातल्या सरांना पण नाही?” नाही. कुणालाच नाही. राणीच्या दक्षिणेच्या विभाजकांची बेरीज करत निघालो आणि जगातल्या कुठल्याही गणितज्ञाला न सुटलेल्या प्रश्नाच्या दारात आठवीचा वर्ग उभा राहिला. गणितात सगळं आधीच ठरलेलं असतं आणि ते पाठच करायचं असतं, असं ज्या मुलांना वाटतं, त्यांच्यासाठी मी असे दिवस जपून ठेवते.

दीड

खिचडी. सहावी ते आठवीच्या मुलाला पोषण आहारात रोज १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. जेवता जेवता हिशेब निघतो: २४,४०० ग्रॅम तांदूळ असेल तर किती मुलं? १६२ मुलं, आणि १०० ग्रॅम उरतात. खालच्या वर्गांना १०० ग्रॅमप्रमाणे वाटला तर २४४ मुलांना बरोबर पुरतो. असं का? १५० मध्ये तीन आहे आणि २४,४०० च्या अवयवांत तीन कुठेच नाही. हे सकाळच्या सहावीतल्या पोराने सांगितलं, आठवीतल्या नाही.

सव्वादोन

सातवीला दुपारी झोप येते, म्हणून त्यांच्यासाठी कापरेकर.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ चा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं. गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. संख्या हाच छंद. लोक त्यांना गणितानंद म्हणत. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. आपल्या विद्यार्थ्यांसमोर हे नाव घेताना मला अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

पहिलं काम सोपं. २४,४०० च्या अंकांची बेरीज २ + ४ + ४ = १०. दहाने भाग जातो. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी हर्षद म्हटलं. म्हणजे ही हर्षद संख्या.

दुसरं काम. एक संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. आता उलटं विचारायचं: २४,४०० कुठल्या संख्येपासून अशी जन्माला येते? मुलं चाचपडतात. शेवटी २४,३७७ सापडते: तिचे अंक २ + ४ + ३ + ७ + ७ = २३, आणि २४,३७७ + २३ = २४,४००. काही संख्यांना असं कुणीच जन्म देत नाही. २० ला नाही, ३१ ला नाही, ४२ ला नाही. १०८ ला पण नाही. त्या स्वयंभू. जपमाळेचे मणी १०८, आणि ही संख्या कापरेकरांच्या हिशेबात स्वयंभू निघते, हे ऐकून डोंगरावरच्या स्वयंभू गणपतीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलांना किती आनंद होतो, ते बघायला यायला हवं.

मग वजाबाकी. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, चढत्या क्रमाने लावायचे, मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराशी पुन्हा तेच. चार अंकी संख्येला, तिचे सगळे अंक सारखे नसतील तर, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ गाठावंच लागतं, आणि एकदा ६१७४ आलं की ते तिथेच राहतं. हा कापरेकरांचा शोध. चार अंकीपुरतं मुलांना माहीत आहे. आज संख्या पाच अंकी आहे.

४४,२०० − ००,२४४ = ४३,९५६.
९६,५४३ − ३४,५६९ = ६१,९७४.
९७,६४१ − १४,६७९ = ८२,९६२.
९८,६२२ − २२,६८९ = ७५,९३३.
९७,५३३ − ३३,५७९ = ६३,९५४.
९६,५४३ − ३४,५६९ = ६१,९७४.

“बाई, परत तेच आलं!” इथे एका जागी थांबणं नाही, चार संख्यांची फेरी आहे: ६१,९७४, ८२,९६२, ७५,९३३, ६३,९५४, आणि पुन्हा ६१,९७४. पाच अंकांना अशा तीनच फेऱ्या आहेत, दोन चौघींच्या आणि एक दोघींची, ५३,९५५ आणि ५९,९९४ यांची. सगळ्या पाच अंकी संख्या, पाचही अंक सारखे असलेल्या सोडून, या तिन्हींपैकी एकीत जाऊन पडतात. वर्ग आता पूर्ण जागा आहे. जो तो आपल्या वडिलांच्या मोबाईल नंबरातले शेवटचे पाच अंक घेऊन बसला आहे.

साडेतीन

नववी. यांना आज मी फळ्यावर ब्राह्मी काढून दाखवते.

नाणेघाटाच्या लेखात शून्य नाही. स्थानिक किंमतही नाही. म्हणजे ४ हा अंक कुठे लिहिला आहे यावरून त्याचे चारशे किंवा चार हजार होत नाहीत. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी खूण, दहा-वीसलाही आपापल्या खुणा. २४,४०० लिहायचे तर हजाराच्या खुणेला विसाची खूण जोडायची, ते झाले वीस हजार. पुन्हा हजाराच्या खुणेला चाराची, ते चार हजार. मग शंभराच्या खुणेला चाराची, ते चारशे. तीन जोडखुणा शेजारी शेजारी, आणि वाचताना मनात बेरीज. भारतात शून्यासह लिहिलेल्या संख्येचा निर्विवाद कोरीव पुरावा म्हणून ग्वाल्हेरच्या मंदिरातला २७० दाखवतात, तो ८७६ सालचा. नाणेघाटाहून जवळजवळ हजार वर्षांनी.

आता प्रश्न. राणीच्या कारकुनासाठी २४,४०० ही हर्षद संख्या होती का?

नववीत वाद पेटतो. एक बाजू म्हणते, दहाने भाग तेव्हाही जात होता, मग हर्षद होतीच. दुसरी बाजू म्हणते, अंकच नव्हते, तर अंकांची बेरीज कसली? ‘दोन, चार, चार’ हे त्याच्या डोळ्यांपुढे आलंच नसेल. त्याच्यापुढे वीस होते, चार होते, हजार आणि शंभर होते. मी मधे पडत नाही. मग एक मुलगा उभा राहतो. “बाई, पण एकसष्ट बामण असते तर प्रत्येकाला चारशेच मिळाले असते ना? कसंही लिहिलं तरी.”

हेच मला शिकवायचं होतं, आणि ते त्याने माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. संख्येचे काही गुण तिच्या स्वतःच्या अंगचे आहेत. ६१ चा भाग जाणं, तीस विभाजक असणं, विपुल असणं: हे ब्राह्मीत खरं, रोमन आकड्यांत खरं, नाणी मातीवर ओतून वाटली तरी खरं. दुसरे गुण लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. हर्षद असणं, कापरेकरांच्या फेरीत पडणं, उलटसुलट सारखं वाचता येणं, हे आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून आहे.

ताळा म्हणून डझनाने मोजून बघतो. बाराच्या पटीत २४,४०० लिहिले तर अंक येतात १, २, १, ५, ४. पडताळा: २०,७३६ + ३,४५६ + १४४ + ६० + ४. या अंकांची बेरीज १३, आणि तेराने भाग जात नाही. डझनाने मोजणाऱ्यांच्या गावात ही हर्षद नाही. पण तिथेही ६१ जणांना चारशे-चारशे मिळतातच.

अंगचे गुण किती खोल जातात, ते दाखवायला एक कोडं फळ्यावर ठेवते: २४,४०० दोन वर्गांच्या बेरजेत मांडा. एक उत्तर शेतातूनच येतं. १०० फूट रुंद आणि १२० फूट लांब खाचर घेतलं, तर त्याच्या कर्णाचा वर्ग १०,००० + १४,४००, म्हणजे आपली संख्या. हे जमतं, कारण ६१ हे ५ आणि ६ यांच्या वर्गांची बेरीज आहे, आणि ते तसं असणारच, कारण ६१ ला चाराने भागलं की एक उरतो. एक उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांत मोडते, तीन उरणारी कधीच मोडत नाही. फर्माने हे सांगून साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली. २४,४०० चे आणखी दोन प्रकार आहेत, ते शोधायला देते. घंटा व्हायच्या आत एक येतं: १५२ आणि ३६. दुसरं, १५६ आणि ८, घरी.

लिहिण्याच्या गुणांना कमी लेखणारेही झाले. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी १९४० मध्ये एका छोट्या पुस्तकात लिहिलं की ८,७१२ म्हणजे २,१७८ ची चौपट आणि ९,८०१ म्हणजे १,०८९ ची नऊपट, आकडे उलटे केले की अशी पट निघणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच; पण अशा गोष्टींत गणितज्ञाला रस घ्यावा असं काही नाही. याच हार्डींच्या टॅक्सीचा क्रमांक १,७२९. तो दोन घनांच्या बेरजेत दोन प्रकारे मांडता येतो, हे रामानुजनांनी त्यांना सांगितलं. तो गुण संख्येच्या अंगचा. पण १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १,७२९, म्हणजे ती हर्षदही आहे. हा गुण लिहिण्याचा. हार्डींचा भेद मला मान्य आहे, आज तासभर तोच शिकवला. त्यांची नापसंती मान्य नाही. दुपारी सव्वादोनला सातवीला जागं केलं ते अंकांच्या खेळाने. आत यायला दार लागतं, आणि कापरेकरांनी आयुष्यभर मुलांसाठी दारं केली.

सव्वापाच

शाळा सुटते. उसाच्या कडेने जाणाऱ्या मुलांना गटागटाने पाठवायचं असतं. बिबट्याचा फेरा असतो आणि दिवस लवकर मावळतो. शेवटचा गट रस्त्याला लागेपर्यंत फाटकाशी थांबते.

तेवढ्यात गावच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन. ती आता पुण्यात शिकते. सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती, असं कुणी विचारलं तर काय सांगू म्हणते. सर्वांत मोठी नसतेच, हे तिला माहीत आहे. माहीत झालेल्यांत सर्वांत मोठी म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये एक सापडली, ती मी तिला सांगते: दोनाचा १३,६२,७९,८४१ वा घात, वजा एक. अंक ४,१०,२४,३२०. सकाळी ६१ मूळ आहे हे ठरवायला सहावीला चार भागाकार पुरले. त्या संख्येला तशी भागत बसायची सोय नाही. तिथे लुकास आणि लेमर यांची वेगळीच कसोटी लावतात, आणि ती फक्त दोनाच्या घातातून एक वजा केलेल्या संख्यांना चालते. अगदी ठरावीक साच्यातली संख्या एवढी मोठी असूनही तपासता येते. तिच्या शेजारची अशीच कुठलीतरी संख्या घेतली, तर हात टेकावे लागतील.

रात्री साडेनऊ

जेवणं आटोपल्यावर सहलीचा कागद करायला बसते. लेखातल्या कोणत्या खुणा मुलांनी शोधायच्या, ते ठरवायचं आहे. शंभर, हजार, चार, सात, दहा. भिंतीला हात लावायचा नाही, हे सर्वांत वर, मोठ्या अक्षरात.

यादीतल्या दोन संख्यांकडे मी पुन्हा पुन्हा वळते. १,००१ गाई. आणि यज्ञ बघायला आलेल्यांना व सेवकांना वाटलेले ६,००१ कार्षापण. वरचा तो एक कशाला? आपण अजून आहेराच्या पाकिटात १०१, ५०१ घालतो. रकमेवर एक रुपया ठेवल्याशिवाय पाकीट पुरं होत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या माथ्यावर कोरलेल्या दानातही तो एक आहे. मुलांना हे आधी सांगणार नाही. त्यांच्या घरच्या लग्नातली आहेराची वही सोबत आणायला सांगणार आहे.

तो एक संख्येचं काय करतो, तेही बघण्यासारखं आहे. ६,००० ला किती तरी विभाजक, ते चाळीस निघतात. एक मिळवला की ६,००१ = १७ × ३५३, आणि विभाजक उरतात चार. १,००० मध्ये एक मिळवला की ७ × ११ × १३. त्यामुळे कुठलीही तीन अंकी संख्या दोनदा जोडून लिहिली, ४३५४३५ अशी, की तिला सातने, अकराने आणि तेराने भाग जातो. पाचवीला हा खेळ सोमवारी.

६,००१ मधला १७ बघून हात क्षणभर थांबतो, कारण लेखात १७ घडे आहेत आणि १,७०० गाई आहेत. वैदिक यज्ञांत, वाजपेयात तर विशेष, सतरा ही मानाची संख्या. घड्यांचे सतरा कुणीतरी ठरवून दिले असणार. ६,००१ मधले सतरा मात्र कुणी ठेवलेले नाहीत, ते सहा हजारांवर एक पडल्यामुळे आपोआप आले. मुलं विचारणार, हे नक्की. तेव्हा हाच भेद सांगायचा: माणसाने घातलेलं काय आणि संख्येत निघालेलं काय.

सातवीसाठी ६,००१ वर कापरेकरांची वजाबाकी करून बघते.

६१०० − ००१६ = ६०८४.
८६४० − ०४६८ = ८१७२.
८७२१ − १२७८ = ७४४३.
७४४३ − ३४४७ = ३९९६.
९९६३ − ३६९९ = ६२६४.
६६४२ − २४६६ = ४१७६.
७६४१ − १४६७ = ६१७४.

मोजते. सात. चार अंकी संख्येला जास्तीत जास्त जेवढ्या पायऱ्या लागू शकतात, तेवढ्या सगळ्या हिला लागल्या. १,७०० तीन पायऱ्यांत पोचते. सहलीच्या गाडीत हीच शर्यत लावता येईल. प्रत्येकाने लेखातली एक चार अंकी संख्या घ्यायची, आणि कुणाची सर्वांत उशिरा ६१७४ ला पोचते ते बघायचं. वर एक प्रश्नही: मधल्या प्रत्येक उत्तराला नऊने भाग का जातो? उत्तर अवघड नाही. तेच अंक हलवून लिहिलेल्या दोन संख्यांची अंकांची बेरीज सारखीच असते, म्हणून नऊने भागल्यावर दोन्हींची बाकी सारखी उरते, आणि वजाबाकीत ती बाकी निघून जाते. हे गाडी आपटाळ्याच्या पुढे जाईपर्यंत कुणी ना कुणी सांगेल. नाही सांगितलं, तर परतीच्या वाटेवर पुन्हा विचारीन.